व्हीसीची एएमसी: कशावर घ्यावी, कशावर सोडून द्यावी

कॉन्फरन्स रूममधल्या व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) सेटची वॉरंटी संपायला दोनेक महिने उरले की एएमसीसाठी, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारासाठी, व्हेंडरचा मेल येतो. सोबत एक्सेलची शीट असते. कोडेक (व्हीसीचा मुख्य डबा), कॅमेरा, माइक, टचपॅनेल, दोन टीव्ही, एक नेटवर्क स्विच, आणि प्रत्येकासमोर वर्षाची रक्कम. खाली बेरीज, अधिक १८ टक्के जीएसटी. अकाउंट्सवाले विचारतात, "हे हवंच आहे का?" आयटीवाला म्हणतो, "असू द्या साहेब, उद्या काही झालं तर?" मार्च अखेर असली तर सहीसुद्धा होऊन जाते.

"उद्या काही झालं तर" याचा हिशोब मांडता येतो, आणि नागपुरात तो मुंबई-पुण्यापेक्षा थोडा वेगळा येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: करार अख्ख्या खोलीचा घेऊ नका. त्या खोलीतल्या ज्या डब्याला नागपुरात दुसऱ्या दिवशी पर्याय उभा करता येत नाही, त्या डब्याचा घ्या.

आधी विकत काय मिळतंय ते पाहू. एएमसी म्हणून बाजारात तीन वेगळे माल विकले जातात. घरच्या वॉटर प्युरिफायरमुळे त्यातले दोन सगळ्यांच्या ओळखीचे आहेत: फिल्टर-मेंब्रेन धरून, आणि फिल्टर-मेंब्रेन वगळून. इथेही तेच. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पार्टसकट. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे माणूस येईल, बघेल, धूळ पुसेल, सेटिंग तपासेल, पण पार्ट लागला तर त्याचं कोटेशन वेगळं. तिसरा माल म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा सर्व्हिस प्लॅन. सिस्को, पॉली, लॉजिटेक अशा कंपन्यांचे असे प्लॅन असतात. विकतो तुमचाच व्हेंडर, पण पाळायची जबाबदारी कंपनीची. त्यात साधारणपणे फोनवरचा टेक्निकल सपोर्ट, सॉफ्टवेअरचे अपडेट आणि बिघडलेल्या युनिटच्या बदल्यात दुसरं युनिट मिळतं. माणूस घरपोच येईलच असं नाही. तो हवा असेल तर बऱ्याचदा त्याचे वेगळे पैसे.

याखेरीज टीम्स रूम्स किंवा झूम रूम्स अशा मीटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स असतं, ते आणखी वेगळं. लायसन्सचे पैसे भरले म्हणून कॅमेरा बदलून मिळत नाही, आणि एएमसी चालू आहे म्हणून लायसन्स चालू राहत नाही. ही दोन बिलं एकाच मेलमध्ये आली तर आधी वेगळी करून घ्या.

दहा टक्क्यांचा अर्थ

समजा, तुमच्या छोट्या मीटिंग रूममध्ये कॅमेरा-माइक-स्पीकर सगळं एकातच असलेला व्हिडिओ बार आहे. किंमत १,८०,००० रुपये. पार्टसकट एएमसी मागताहेत वर्षाला १८,०००, म्हणजे किमतीच्या १० टक्के.

हा सौदा पैशांच्या दृष्टीनं बरोबरीत सुटायचा असेल, तर असे दहा बार असतील तर त्यातला एक दरवर्षी पूर्णपणे मरायला हवा. दुरुस्त होण्यासारखा बिघाड नव्हे, थेट फेकून द्यायच्या लायकीचा. त्याहून कमी मरत असतील तर पैसे व्हेंडरकडे उरतात, जास्त मरत असतील तर तुमच्याकडे. एएमसीचा जो टक्का, तोच हा बरोबरीचा आकडा. आठ टक्के मागितले तर शंभरात आठ. कोटेशन हातात आलं की एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायचा: माझ्याकडे खरंच इतकी यंत्रं मरतात का?

इलेक्ट्रॉनिक्सचं मरणं वर्षभर सारखं पसरलेलं नसतं. कारखान्यातच कच्चं राहिलेलं युनिट सहसा पहिल्या काही महिन्यांत जातं, म्हणजे वॉरंटीत. मग काही वर्षं शांततेची. त्यानंतर पंखे अडकतात, कॅमेरा फिरवणाऱ्या मोटारी घासल्या जातात, कपॅसिटर फुगतात. वॉरंटी संपल्यावर लगेच विकली जाते ती एएमसी नेमकी या मधल्या शांत वर्षांची असते. म्हातारपण सुरू होईपर्यंत कंपनीनं बऱ्याचदा ते मॉडेल बंद केलेलं असतं आणि कराराचं नूतनीकरणच मिळत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग घेऊच नये. थांबा. हा हिशोब फक्त यंत्राच्या किमतीचा झाला. खरा माल वेळ आहे, आणि वेळेच्या बाबतीत नागपूर थोडं लांब पडतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेचार

करारात लिहिलेलं असतं, "नेक्स्ट बिझनेस डे रिप्लेसमेंट". व्हेंडर त्याला एनबीडी म्हणतो. ऐकायला फार छान. ते घड्याळ कसं चालतं ते एकदा बघा.

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात शुक्रवारी साडेचारला कोडेक बंद पडला. कोडेक म्हणजे तो मुख्य डबा, जो तुमचं चित्र आणि आवाज दाबून लहान करतो, पाठवतो, आणि पलीकडून आलेलं उलगडून दाखवतो. कॉल नोंदवला, टिकिट नंबर आला. पलीकडचा इंजिनिअर सीरियल नंबर मागतो, दिव्याचा फोटो मागतो. ॲडॉप्टर बदलून बघा, एचडीएमआय बदलून बघा, फॅक्टरी रिसेट करा, लॉग पाठवा. यात सहा वाजतात. शनिवारी तुमचा कारखाना चालू, कंपनीला सुट्टी. सोमवारी लॉग पाहिले जातात, दुपारी साडेतीनला ठरतं की युनिट बदलावं लागेल. पण त्या दिवशीच्या डिस्पॅचची वेळ तीनला संपली. मंगळवारी डेपोतून माल निघतो. बुधवारी नागपुरात. कुरिअरवाल्याच्या यादीत बुटीबोरी शहराबाहेर असेल तर गुरुवारी.

शुक्रवार ते गुरुवार, आणि कराराचा एकही शब्द मोडलेला नाही. कारण "नेक्स्ट बिझनेस डे" बऱ्याचदा मोजला जातो तो तुम्ही फोन केल्यापासून नव्हे, कंपनीनं बिघाड मान्य केल्यापासून. काही करारांत तर तो माल पोहोचण्याचा दिवस नसतोच, माल निघण्याचा असतो. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, मुंबई ७०१ किलोमीटरवर, आठ तासांवर आली. तरी या सहा दिवसांतला रस्त्यावरचा वेळ एका रात्रीहून जास्त नाही. बाकीचा सगळा टेबलांवरचा.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. घड्याळ कधी सुरू होतं: कॉल नोंदवल्यावर की बिघाड मान्य झाल्यावर. एनबीडी म्हणजे निघणं की पोहोचणं. तुमचा पिनकोड त्यात बसतो का. शहराचं नाव पुरेसं नाही, हिंगणा, मिहान आणि बुटीबोरी या तिघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. आणि शनिवार कामाचा दिवस धरलाय का. व्हेंडर तोंडी म्हणेल, "टेन्शन नका घेऊ साहेब, आपला माणूस वर्धा रोडलाच राहते." तो राहतही असेल. पण त्याच्या घरी कोडेक नसतो.

"चार तासांत रिस्पॉन्स" हेही असंच. फोन उचलला, "बघतो" म्हटलं, रिस्पॉन्स झाला. यंत्र चालू होण्याला रिझोल्यूशन म्हणतात. त्याची वेळ द्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही.

करार नक्की कुणाशी आहे

हा भाग लोक वाचत नाहीत, आणि पुढे सगळ्यात जास्त मनस्ताप याचाच होतो. तुम्ही पैसे देता स्थानिक किंवा मुंबईच्या व्हेंडरला. त्यानं मागे कंपनीकडून तेवढ्याच मुदतीचा प्लॅन घेतला असेल, तर त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. घेतला नसेल, तर तुमचा सगळा भरवसा त्याच्या गोदामातल्या जुन्या युनिटवर. कागदावर दोन्ही करार सारखेच दिसतात.

तपासायचं कसं? प्रत्येक यंत्राच्या मागे सीरियल नंबर असतो. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर किंवा सपोर्टच्या फोनवर तो दिला की त्यावर प्लॅन कधीपर्यंत आहे ते कळतं. पैसे भरल्यावर पंधरवड्यात हे एकदा बघून घ्यायचं आणि नोंदणी तुमच्या फर्मच्या नावानं आहे ना, तेही. व्हेंडरच्या नावानं असली तर व्हेंडर बदलायच्या दिवशी अडून बसायला त्याला कारण मिळतं. पेमेंटचा शेवटचा हप्ता या नोंदणीच्या पुराव्याला बांधून ठेवला तर पुरावा लवकर येतो, असं दिसतं.

आता डब्यांची वाटणी. टीव्ही, एचडीएमआय केबल, स्विच, यूपीएसची बॅटरी ही मंडळी एएमसीच्या शीटमधून सरळ काढून टाका. यातलं काहीही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, संध्याकाळपर्यंत मिळतं. टीव्हीबद्दल एक जास्तीची सूचना: घरगुती टीव्ही ऑफिसात लावला असेल तर वॉरंटी कार्ड नीट वाचा, व्यावसायिक वापराला वॉरंटी कमी किंवा अजिबात नाही असं अनेक कार्डांवर बारीक अक्षरांत असतं. व्हीसीसाठी ऑफिस डिस्प्ले घेतला तर तो दिवसाचे ठरलेले तास चालायलाच बनवलेला असतो, त्याची वॉरंटीही जास्त मिळते. ती पुरे आहे.

कोडेक, टचपॅनेल, फिरता कॅमेरा, छतातले माइक: यांना शहरात पर्याय नाही. कोडेकचं बोर्ड कुठल्या दुकानात दुरुस्त होत नाही, कंपनीही ते सहसा दुरुस्त करत बसत नाही, अख्खं युनिट बदलते. शिवाय त्याचं सॉफ्टवेअर. काही कंपन्या मोठ्या अपडेट करार चालू असलेल्यांनाच देतात, आणि अपडेट थांबलेलं यंत्र वर्षा-दोन वर्षांत मीटिंगच्या ॲपशी पटवून घेईनासं होतं. करार घ्यायचा तो इथे.

तोही प्रत्येक खोलीत नाही. खोली बंद पडली तर काय बिघडतं, हे आधी बघा. चौघांची रोजची रिव्ह्यू मीटिंग असेल तर ते लॅपटॉप उघडून बसतील. २०२० पासून हे सगळ्यांना येतं. हॉस्पिटलमध्ये बाहेरगावच्या डॉक्टरांसोबत केसवर चर्चा चालते, वकिलांच्या ऑफिसातून साक्ष नोंदवली जाते, संचालक मंडळ तिमाहीत एकदा बसतं: या खोल्यांची गोष्ट वेगळी. तिथे एक दिवस बंद म्हणजे काय, हे ज्याचं नुकसान होणार त्यालाच विचारा, आयटीला नको. आयटीवाला नेहमी "घ्या" म्हणेल, कारण शिव्या त्याला बसतात.

आठ खोल्या असतील तर

समजा, एकाच मॉडेलचे आठ बार आठ खोल्यांत आहेत. एएमसी प्रत्येकी १८,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. एक नवा बार १,८०,००० ला येतो. सव्वा वर्षाच्या एएमसीत एक अख्खा बार विकत घेऊन कपाटात ठेवता येतो. मिहानमधल्या ऑफिसच्या कपाटातला बार अर्ध्या तासात भिंतीवर लागतो. त्याला टिकिट लागत नाही, शनिवार लागत नाही. आठपैकी दोन एकदम मरण्याची भीती असेल तर दोन ठेवा, तरी तीन वर्षांचा हिशोब तुमच्याच बाजूनं राहतो.

अट एकच, आणि ती कडक आहे: मॉडेल एकच हवं. दर वर्षी जे स्वस्त मिळेल ते घेत गेलात तर आठ खोल्यांत पाच तऱ्हा होतात आणि कपाटातला बार कुठेच बसत नाही. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. स्पेअर युनिट पेटीत पडून राहिलं तरी त्याच्या वॉरंटीची मुदत सरतच असते आणि सॉफ्टवेअरही जुनं होत जातं. म्हणून तीन-चार महिन्यांनी त्याला एखाद्या खोलीत लावायचं आणि तिथलं कपाटात ठेवायचं. लायसन्स नव्या डब्यावर कसं हलवायचं हे आयटीतल्या दोघांना तरी येत असावं.

खोली एकच आणि मोठी असेल तर उलट. वीस जणांची बोर्डरूम, छतात माइक, आवाज सांभाळणारा वेगळा प्रोसेसर, पडदे-दिवे-टीव्ही एका पॅनेलवर. अशा खोलीत यंत्रापेक्षा आधी माहिती हरवते. प्रोसेसरमध्ये कुठल्या माइकला किती गेन दिलाय, पॅनेलचा प्रोग्राम कुणी लिहिला, पासवर्ड काय: हे सगळं बसवणाऱ्या इंटिग्रेटरच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असतं, आणि तो इंजिनिअर नोकरी बदलतो. इथे इंटिग्रेटरशी नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करार घेणं मला पटतं, वर्षातून दोन भेटी ठरवून. त्याआधी कॉन्फिगरेशनच्या फाइल्स, पॅनेलचा मूळ प्रोग्राम, सगळे पासवर्ड आणि वायरिंगचं शेवटचं ड्रॉइंग ताब्यात घ्यायचं. हँडओव्हरच्या दिवशी हे फुकट मिळतं. नंतर किंमत लावली जाते.

जे कुठलाच करार भरून देत नाही

"उंदीर, पाणी, वीज कोसळणे, व्होल्टेजमधील चढउतार, अयोग्य अर्थिंग". वगळलेल्या गोष्टींची ही ओळ बहुतेक करारांत सापडते, आणि आपल्याकडची निम्मी दुखणी तिच्यात आहेत. इंजिनिअर आला की मल्टिमीटर काढतो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं की रिपोर्टमध्ये "साइट कंडिशन" लिहितो, आणि तुमचा दावा तिथेच संपतो. हे माप तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून करार घेण्याआधीच काढून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, म्हणून मोजायचं ते मे महिन्यात.

बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ओलांडतो. पश्चिमेच्या भिंतीची खोली, रविवारी एसी बंद, वर कोडेक लाकडी कपाटात कोंडलेला. कपाटाच्या मागच्या फळीला जाळी बसवायला सुताराचा अर्धा दिवस लागतो आणि कुठल्याही एएमसीपेक्षा तो स्वस्त पडतो. काही ऑफिसांत एसीचं बिल वाचवायला कॉन्फरन्स रूमला कूलर लावतात. माणसांना बरं वाटतं, पण कूलरची ओली हवा तासन्‌तास कनेक्टरांवर येते. कूलर लावायचाच असेल तर रॅकच्या दिशेनं नको.

वीज आणि पाण्याच्या नुकसानीसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा असतो. एएमसी म्हणजे विमा नाही. काही पॉलिसींत देखभाल करार चालू असण्याची अट असते, तेवढी ओळ वाचून मग एएमसी सोडायची का ते ठरवा.

आणि सिमेंट रोडच्या खोदकामात फायबर तुटली तर? कॅमेरा ठीक, कोडेक ठीक, चित्र गोठलेलं. एका एचडी कॉलला दोन्ही बाजूंना साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात, म्हणजे वेग सहसा कमी पडत नाही, लाइन तुटते. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रस्त्यानं येणारी दुसरी लाइन घेतली तर व्हीसीच्या तक्रारी जेवढ्या कमी होतील, तेवढ्या एएमसीनं होणार नाहीत.

किती वर्षांचा

पाच वर्षांचा करार एकरकमी घेतला तर सूट मोठी मिळते. मी तीनच्या वर जाणार नाही. या धंद्यात कंपन्याच हलत्या असतात. टँडबर्ग २०१० मध्ये सिस्कोत गेली. पॉलीकॉमला २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सनं घेतलं, २०१९ मध्ये नाव पॉली झालं, २०२२ मध्ये ती एचपीकडे गेली. लाइफसाइजनं २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी ग्राहकांचं सपोर्ट पोर्टल, पार्ट नंबर, फोन नंबर बदलण्याची पाळी येते.

खरेदीच्याच वेळी तीन वर्षांचा कंपनी प्लॅन मागितला तर तो नंतर वर्षावर्षानं घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. तेव्हा तुमच्या हातात ऑर्डर असते, घासाघीस होते. मध्येच खंड पडला तर काही कंपन्या मागच्या महिन्यांचे पैसे किंवा तपासणी शुल्क मागतात. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" हा पर्याय फुकट नाही.

जीएसटीचं क्रेडिट घेणाऱ्या फर्मला ते १८ टक्के परत मिळतात, ते हिशोबात धरू नका. हॉस्पिटल आणि शाळांच्या मूळ सेवा करमुक्त असल्यानं त्यांना क्रेडिट मिळत नाही. त्यांच्यासाठी १८,००० ची एएमसी खरोखर २१,२४० ची असते.

जुन्या सेटचं काय, हा प्रश्न सध्या अनेक ऑफिसांत आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या खोल्यांचं यंत्र म्हणजे आत बसवलेला छोटा विंडोज पीसी आहे आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, त्यांची एएमसी चालू असूनही उपयोग नाही. पीसी बिघडलेला नाही, तो नुसता जुना झालाय, आणि करार बिघाडाचा आहे. अशा खोलीचं नूतनीकरण थांबवा, ते पैसे नव्या पीसीकडे वळवा. कॅमेरा आणि माइक बहुतेकदा तेच चालतात. नवा पीसी लावल्यावर जुन्या व्हेंडरला सीरियल नंबरांची सुधारित यादी पाठवा, नाहीतर पुढच्या मार्चच्या शीटमध्ये काढून टाकलेल्या पीसीची ओळ पुन्हा असेल.